२१४७४८३६४७ : वहीत तपासता येणारी मूळ संख्या

महिन्याच्या १ तारखेला ज्वारीचा एक दाणा बाजूला ठेवा. २ तारखेला दोन, ३ ला चार, ४ ला आठ. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. १० तारखेपर्यंत १०२३ दाणे जमतात, म्हणजे जेमतेम मूठभर. हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं तर २० तारखेचा साठा साडेएकतीस किलोच्या आसपास, घरच्या कोठीत सहज मावेल एवढा. पण ३१ तारीख संपते तेव्हा तो ६४४ क्विंटलवर गेलेला असतो, आणि त्यातली निम्मी ज्वारी एकट्या शेवटच्या दिवसाची असते. मोंढ्यावर न्यायला दहा टनी सात ट्रक लागतील.

दाणे मोजले तर बरोबर २१४७४८३६४७ भरतात. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दुपटीच्या हिशोबात आजवरची बेरीज ही नेहमी उद्याच्या हप्त्यापेक्षा एकने कमी असते, म्हणून ही संख्या २^३१ − १ (टोपीचं चिन्ह घातासाठी वापरतो आहे). आता या ज्वारीचे सारखे वाटे घालायला बसा. दोन घरांत जात नाही, तीन घरांत जात नाही, सातात नाही, हजारात नाही. एकही दाणा न उरता ती फक्त एकाच घरात जाते, नाहीतर २१४७४८३६४७ घरांत एकेक दाणा.

शाळेत मूळ संख्या शिकवतात तेव्हा १ ते १०० मधल्या २५ पाठ होतात आणि विषय संपतो. त्यापुढची कुठलीही मोठी मूळ संख्या विद्यार्थी सांगीवांगीवर घेतो. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांमध्ये उत्तर किती लवकर येतं यावर सगळा जोर असतो, त्यामुळे ‘हे कशावरून?’ विचारायला सवडच राहत नाही. या एका संख्येच्या बाबतीत तरी तसं व्हायचं कारण नाही. ती दहा अंकी आहे, पण तिचा आकारच असा आहे की वही, पेन आणि थोडा धीर असेल तर तिची तपासणी स्वतःच्या हाताने करता येते.

आधी घातांक बघायचा

२^न − १ या रूपातल्या संख्येचा घातांक न हा संयुक्त असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. घातांक १५ घेतला, तर १५ = ३ × ५, म्हणून २^३ − १ = ७ आणि २^५ − १ = ३१ या दोन्हींनी भाग जाणारच. ३२७६७ = ७ × ३१ × १५१. म्हणजे घातांक मूळ असायलाच हवा. पण तेवढ्याने भागत नाही. घातांक ११ मूळ आहे, तरी २०४७ = २३ × ८९.

इथेच जुने लोक फसले. इटलीच्या पिएत्रो कतल्दीने सोळाव्या शतकाच्या अखेरीला १७ आणि १९ हे घातांक बरोबर तपासले. पुढे २३, २९, ३१ आणि ३७ यांनाही त्याने मूळ ठरवलं. त्यातलं एकच खरं निघालं, ३१ चं. २३ आणि ३७ चा निकाल फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये लावला, २९ चा स्विस गणिती लेओनहार्ड ऑयलरने १७३८ मध्ये. ३१ खरोखर चालतो हे सिद्ध व्हायला १७७२ साल उजाडलं. तेही ऑयलरनेच केलं, सेंट पीटर्सबर्गमध्ये, दृष्टी जवळपास गेलेली असताना.

ऑयलरची चाळणी

सरळ रीत म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणं. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत. तेवढे भागाकार हाताने करायचे म्हणजे महिनोन्‌महिने गेले, आणि एक चूक झाली की सगळं वाया. ऑयलरने यातले बहुतेक भाजक भागाकार न करताच बाद केले. कारणं दोन आहेत आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं. समजा क ही मूळ संख्या २^३१ − १ ला निःशेष भागते. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. २, ४, ८, १६ असे घात घेत क ने भागत गेलो, तर बाकी १ ज्या घातांकाला पहिल्यांदा येते तो घातांक ३१ चा विभाजक असतो. ३१ मूळ आहे, १ या घातांकाला तर बाकी १ येत नाही, म्हणून तो पहिला घातांक ३१ च. आता फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की क − १ या घातांकालाही बाकी १ येते. म्हणजे क − १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय क विषम, म्हणून क − १ ला ६२ ने भाग जातो. भाजक हवा असेल तर तो ६२ च्या पटीत १ मिळवलेलाच असणार.

दुसरं. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २. आणि २^३२ हा ६५५३६ चा वर्ग आहे. म्हणजे असा एक पूर्ण वर्ग आहे ज्याला क ने भागल्यावर २ उरतात. मूळ संख्यांच्या बाबतीत हे तेव्हाच घडतं जेव्हा क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजकांची दोनच कुळं उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवलेली आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवलेली. ४६३४० पर्यंत अशा फक्त ३७२ संख्या आहेत (६३ स्वतः ७ × ९ आहे, ती यात धरलेली नाही). त्यातल्याही बऱ्याचशा संयुक्त असतात आणि त्यांनी भागायची गरज नसते. पहिल्या काही बघा: २४९ ला ३ ने भाग जातो, ३११ मूळ, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने, ७४५ ला ५ ने, ८०७ ला ३ ने, ९९३ ला ३ ने, १०५५ ला ५ ने, १२४१ ला १७ ने, १३०३ मूळ, १४८९ मूळ. पंधराशेच्या आत तीनच शिल्लक राहिल्या. २४८ शी सामाईक विभाजक नसलेली १२० कुळं होतात, त्यातली आपली दोन. म्हणजे ४७९२ पैकी साधारण साठातली एक. प्रत्यक्ष भागाकार ऐंशीच्या आसपासच उरतात. हे काम दोन-तीन सुट्ट्यांमध्ये होण्यासारखं आहे.

भागाकारसुद्धा दहा अंकी संख्येचा करू नका. त्यात चुका होतात. वर आलेला ६५५३६ इथे कामाला येतो. रीत अशी:

६५५३६ ला क ने भागून बाकी काढा. त्या बाकीचा वर्ग करा. त्याला पुन्हा क ने भागा. शेवटी २ उरले तर क हा भाजक आहे. दुसरं काहीही उरलं तर नाही.

३११ घेऊ. ६५५३६ ची बाकी २२६. वर्ग ५१०७६. त्याची बाकी ७२. दोन नाही, म्हणून ३११ बाद. १३०३ घेतला तर बाकी ३८६, वर्ग १४८९९६, त्याची बाकी ४५४. बाद. १४८९ ला तर कष्टच नाहीत: बाकी २०, वर्ग ४००, संपलं.

ही रीत बरोबर चालते का याची खात्री तिथे करून घ्यावी जिथे भाजक ठाऊक आहे. केवळ ‘नाही, नाही’ अशी उत्तरं देणारी रीत बिघडलेलीही असू शकते. घातांक २३ साठी २^२४ हा ४०९६ चा वर्ग. ४०९६ ला ४७ ने भागून बाकी ७, वर्ग ४९, आणि ४७ ने भागल्यावर २ उरले. म्हणून ४७ हा २^२३ − १ चा भाजक. घातांक २९: ३२७६८ ला २३३ ने भागून १४८, वर्ग २१९०४, बाकी २. घातांक ३७: ५२४२८८ ला २२३ ने भागून १५, वर्ग २२५, बाकी २. कतल्दीच्या तिन्ही चुका अशा दोन-दोन ओळींत पकडल्या जातात. विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर मांडायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

भाजक न शोधता निकाल

ऐंशी भागाकार हे या संख्येपुरतं ठीक आहे. संख्या मोठी झाली की ही वाट बंद होते. फ्रान्सच्या एदुआर लुकासने १८७६ च्या सुमारास वेगळी वाट काढली आणि अमेरिकेच्या डेरिक लेहमरने १९३० च्या सुमारास तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. या कसोटीत भाजक शोधायचेच नाहीत.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, २^न − १ ने भागून बाकी ठेवा. मग त्या बाकीवर तेच. असं न − २ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. (न हा विषम मूळ घातांक असला पाहिजे.)

भागून बाकी काढण्याचा भाग इथे फार सोपा होतो, आणि त्याचं मूळ आपल्या नऊच्या कसोटीत आहे. संख्येच्या अंकांची बेरीज केली की ९ ने भागल्याची बाकी मिळते, कारण ९ म्हणजे १० − १. तसंच ९९९ ने भागायचं असेल तर तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज: १२३४५६ साठी १२३ + ४५६ = ५७९, हीच बाकी. २^न − १ ने भागताना गट २^न चे करायचे. १२७ साठी १२८ ने भागा, भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्या.

१२७ ची पूर्ण तपासणी पाच पायऱ्यांची आहे. ४ वरून १४. १४ वरून १९४, म्हणजे १२८ आणि ६६, बेरीज १ + ६६ = ६७. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. त्यात १२८ पस्तीस वेळा जातात आणि ७ उरतात, बेरीज ४२. ४२ वरून १७६२. तेरा वेळा आणि ९८, बेरीज १११. १११ वरून १२३१९. शहाण्णव वेळा आणि ३१, बेरीज १२७. झालं, शून्य.

इथे एक खड्डा आहे. गटांच्या बेरजेने १२७ येतो, ० नाही. १२७ ला १२७ ने भागलं की बाकी ०, हे माणसाच्या लगेच लक्षात येतं; प्रोग्रॅमला ते सांगावं लागतं. ‘बेरीज संख्येएवढीच आली तर तिला शून्य धर’ ही ओळ राहिली, तर प्रोग्रॅम प्रत्येक मूळ संख्येला संयुक्त ठरवतो. दुसरा खड्डा: बाकी ० किंवा १ आली असताना २ वजा केले की उत्तर ऋण होतं. तिथे २^न − १ मिळवून घ्यायचं.

संयुक्त संख्येला काय होतं तेही बघून घ्या. २०४७ साठी नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही आलं, म्हणून संयुक्त. पण २३ आणि ८९ या भाजकांचा यात मागमूसही नाही. २^६७ − १ संयुक्त आहे हे लुकासला कळलं होतं, तिचे भाजक मात्र फ्रँक कोलने १९०३ मध्ये सांगितले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

आता आपली संख्या. घातांक ३१, म्हणून २९ पायऱ्या. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ या पहिल्या चार पायऱ्यांत तर बाकी काढावीच लागत नाही, कारण आकडा अजून मर्यादेत असतो. पाचव्या पायरीवर १४१६३१७९५४ चा वर्ग २००५९५६५४६८२२७४६११६ होतो, १९ अंकी. त्यातून २ वजा करून बाकी काढली की ६६९६७०८३८.

नेमक्या याच पायरीवर एक्सेल दगा देतं. एक्सेल १५ सार्थ अंकच सांभाळतं; १९ अंकी वर्गातले शेवटचे अंक चुकतात आणि बाकी तर त्याच अंकांवर अवलंबून असते. मॉड फंक्शन कधी चुकीची बाकी देतं, कधी नुसता एरर. मोबाईलच्या साध्या कॅल्क्युलेटरचंही तेच. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अडचण नाही, तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नसते, आणि ते स्वस्तातल्या मोबाईलवरही चालतं. सी भाषेत ६४ बिटांचा पूर्णांक घ्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा). वर्ग २^६२ च्या आत राहतो, म्हणून तो पुरतो.

शाळेच्या संगणकावर एक्सेलच असेल तरी हात टेकायचं कारण नाही. आधीच्या पायरीवर आलेल्या बाकीचे दोन तुकडे करा: तिला ६५५३६ ने भागून येणारा भागाकार म्हणजे ‘वर’, उरलेली बाकी म्हणजे ‘खाली’. ६५५३६ चा वर्ग २^३२ आणि त्याची बाकी २, हे आपण आधीच पाहिलं. म्हणून पूर्ण वर्गाऐवजी एवढंच मोजायचं:

२ × वर × वर + १३१०७२ × वर × खाली + खाली × खाली − २

ही बेरीज कधीच १५ अंकांच्या पुढे जात नाही. मग तिला २१४७४८३६४७ ने मॉड करा. पाचवी पायरी घालून बघा: १४१६३१७९५४ साठी वर २१६११, खाली १९४५८. बेरीज ५५११७९८४९५४७४०. तिची बाकी ६६९६७०८३८. पहिल्या स्तंभात बाकी, दुसऱ्यात क्वोशंटने वरचा तुकडा, तिसऱ्यात मॉडने खालचा, चौथ्यात ही बेरीज. पुढच्या ओळीतल्या पहिल्या स्तंभात तिचा मॉड. ओळ खाली ओढत न्या. ताळ्यासाठी काही आकडे देतो: सहाव्या पायरीवर १९३७२५९४१९, दहाव्यावर २०४४५०२१२२, विसाव्यावर १९९२४२५७१८, सत्ताविसाव्यावर ११८१५३६७०८.

आणि अठ्ठाविसाव्या पायरीवर ६५५३६.

तोच ६५५३६, जो ऑयलरच्या चाळणीत होता. त्याचा वर्ग २^३२, त्यातून २ गेले की ४२९४९६७२९४, म्हणजे २१४७४८३६४७ ची बरोबर दुप्पट. एकोणतिसाव्या पायरीवर शून्य. हा योगायोग नाही. कसोटी उत्तीर्ण होणाऱ्या संख्येच्या बाबतीत शेवटून दुसऱ्या पायरीवर २ चा (न + १)/२ वा घात यावाच लागतो, कधी तसाच, कधी ऋण चिन्हाने. कारण सरळ आहे: शेवटी शून्य यायचं तर त्याच्या आधीच्या आकड्याच्या वर्गाची बाकी २ हवी, आणि मूळ संख्येच्या बाबतीत असे आकडे दोनच असतात. १२७ च्या गणितात १११ आला होता. तो म्हणजे १२७ − १६, आणि १६ हा २ चा चौथा घात. एकोणतीस पायऱ्यांच्या त्या अस्ताव्यस्त दहा अंकी आकड्यांमधून अचानक ६५५३६ वर येताना बघणं, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो. तो दुसऱ्याच्या लेखात वाचण्यापेक्षा आपल्या पडद्यावर यावा, म्हणून वरचं सगळं इतकं तपशिलात लिहिलं.

तिच्या पोटात आणखी काय आहे

२^३० × २१४७४८३६४७ = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या आहे: तिचे स्वतःखेरीजचे सगळे विभाजक मिळवले की तीच येते. ब्रिटिश गणिती पीटर बार्लो याने १८११ मध्ये लिहिलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही, कारण या संख्यांचा उपयोग नाही आणि पुढे शोधायला कोणी बसणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. तीवर शेवटचं शिक्कामोर्तब झालं ते याच वर्ग-वजा-दोनच्या कसोटीने.

उपयोगाचं म्हणाल तर २१४७४८३६४७ ने पुष्कळ काम केलं आहे. तिच्यातून १ वजा केला की २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. आता १ पासून सुरुवात करून दर वेळी ७ ने गुणत आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घेत गेलं, तर १ ते २१४७४८३६४६ मधला प्रत्येक आकडा बरोबर एकदा येतो आणि मगच पुन्हा १ येतो. ७ ऐवजी त्याचा पाचवा घात १६८०७ घेतला तरी हे टिकतं, कारण वरच्या अवयवांत ५ नाही. संगणकात यादृच्छिक आकडे काढण्याची एक जुनी, १९६९ पासून वापरात असलेली रीत हीच: आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या. १ पासून निघालं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८ असे आकडे येतात आणि दहा हजारावा १०४३६१८०६५ येतो. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे या दहा हजाराव्या आकड्यावरून कळतं. तो चुकला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: गुणाकार ३२ बिटांत मावला नाही. सुरुवात ० पासून केली तर आयुष्यभर ०च. आणि एक आकडा कळला की पुढचे सगळे काढता येतात, त्यामुळे पासवर्डसाठी किंवा प्रवेशाच्या सोडतीसाठी ही रीत वापरू नये.

याच संख्येशी गावोगाव गाठ पडते ती मात्र वेगळ्या ठिकाणी. ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकाची कमाल मर्यादा २^३१ − १ आहे: एक बिट चिन्हाला, उरलेले ३१ सगळे १. पतसंस्थेच्या, शिकवणीच्या किंवा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाईल नंबरचा रकाना ‘इंट’ (३२ बिटांचा पूर्णांक) प्रकाराचा ठेवला की गोंधळ होतो. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंकी, म्हणजे प्रत्येकच नंबर मर्यादेच्या पलीकडे. माहिती साठवणारं मायएसक्यूएल कडक मोडमध्ये नसेल तर ते गुपचूप मर्यादेचा आकडा भरतं आणि यादीतल्या सगळ्यांचा नंबर २१४७४८३६४७ दिसू लागतो. यादीत हा आकडा दिसला तर तो कुणाचा नंबर समजून लावू नका. रकान्याचा प्रकार बदलून मजकुराचा, म्हणजे वार्चार, करावा. फोन नंबरची बेरीज-वजाबाकी करायची नसते, त्यामुळे त्याला आकड्याचा रकाना मुळात नकोच. मात्र आधी भरलेले नंबर परत येत नाहीत. ते कागदी फॉर्मवरून नव्याने भरावे लागतात. कडक मोड चालू असता तर पहिल्याच नोंदीला एरर आला असता आणि नुकसान तिथेच थांबलं असतं.

वेळेचंही तसंच. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांत हा आकडा मंगळवारी १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी गाठला जाईल. पुढच्या सेकंदाला त्या यंत्रणा डिसेंबर १९०१ मध्ये जातील.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ही मर्यादा ३२ बिटांमुळे आहे, संख्या मूळ असल्यामुळे नाही. ८ बिटांची मर्यादा १२७ मूळ आहे, १६ बिटांची ३२७६७ नाही, ३२ ची आहे, ६४ ची नाही (घातांक ६३ ला ३ ने भाग जातो, तेव्हा संख्येला २^३ − १ = ७ ने भाग जाणारच), आणि १२८ बिटांची २^१२७ − १ पुन्हा मूळ आहे.

आता शेवटची गोष्ट. ५ मूळ, २^५ − १ = ३१ मूळ, २^३१ − १ मूळ. मग २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १? तिला ६४ कोटींहून जास्त अंक आहेत. वर्ग-वजा-दोनची कसोटी लावायची तर दोन अब्जांवर पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एवढ्याच लांबीच्या संख्येचा वर्ग. पण ऑयलरची चाळणी इथेही चालते: भाजक २१४७४८३६४७ च्या दुपटीच्या पटीत १ मिळवलेलाच असणार. ६८७४५ वी पट घ्या, १ मिळवा. २९५२५७५२६६२६०३१ येतो. पायथनच्या ‘पाव’ फंक्शनला तीन आकडे द्या: २, मग २१४७४८३६४७, मग हा भाजक. २ च्या त्या घाताला या भाजकाने भागल्यावरची बाकी क्षणात येते, १. म्हणजे भाग गेला, आणि साखळी तुटली. तिच्या शेजारची २, ३, ७, १२७, २^१२७ − १ ही साखळी मात्र पुढे जाते की तुटते, ते अजून कोणालाही सांगता आलेलं नाही.